घरचाच तर मोजा

दि. ६ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. आम्ही दोघं मिळून तीन पायांवर बरे आहोत. हे वाक्य माझं नाही, बाबांचं आहे, आणि पत्राची सुरुवात त्यानेच करायची असा त्यांचा हट्ट आहे. भावोजींचा खोकला गेला का? त्यांना माझा नमस्कार सांग. भाचीने पत्राच्या कडेला काढलेलं मांजर मी कापून मोज्यांच्या यंत्रासमोरच्या भिंतीवर चिकटवलं आहे. दिवसभर ते माझ्यावर डोळे वटारून बसलेलं असतं.

थंडी यंदा लवकर आली आणि मोज्यांची मागणी तिच्याही आधी. डोंगर चढणाऱ्यांच्या एका मंडळाने चाळीस जोड सांगितले आहेत, आणि तेही नुसत्या काठाला नाही, वरपासून खालपर्यंत उलट-सुलट पट्ट्यांचे. म्हणजे यंत्रावरची, उलट टाके घालणारी तबकडी काढायची सोयच नाही. तिची एक सुई वाकली आहे, दर चार-पाच मोज्यांमागे ती अडते, आणि मी तिला आईमाईवरून काहीबाही बोलते. बाबा खिडकीपाशी बसून लोकरीचे गुंडे भरतात. नजर अधू झाली आहे, पण कान अजून तिखट आहेत. परवा मी यंत्राची मूठ फिरवत होते, तर पाठमोरेच म्हणाले, "थांब. डावीकडच्या सुईने टाका सोडलाय." वाकून बघितलं तर खरंच सोडलेला. मी म्हटलं, "तुम्ही माणूस आहात की काय?" तर म्हणाले, "अर्धा."

भाचीने विचारलंय की मोजा होतो कसा. तिला हे वाचून दाखव. आपलं यंत्र म्हणजे टेबलाच्या कडेला घट्ट आवळलेला एक लोखंडी नळा. त्याच्या भोवतीने बहात्तर खाचा, प्रत्येक खाचेत एक उभी सुई, आणि प्रत्येक सुईच्या टोकाला एक इवलीशी हलती जीभ. मूठ फिरवली की सुया ओळीने वर येतात, लोकर पकडतात, खाली जातात. एक चक्कर, एक फेरी. आधी टाकाऊ लोकरीच्या थोड्या फेऱ्या काढून खाली वजन अडकवायचं, म्हणजे वीण ताणून राहते. मग खऱ्या लोकरीने मोज्याचा काठ सुरू. नळ्यातल्या सुया सुलट टाके घालतात, वर आडव्या बसवलेल्या तबकडीतल्या सुया उलट, म्हणून पट्टी उठते आणि मोजा पायाला धरून राहतो. काठाकडून मोजा खाली खाली उतरत जातो, पायात घालतानाही तो तसाच जातो. टाचेपाशी आलं की निम्म्या सुया वर उचलून गप्प बसवायच्या आणि उरलेल्यांवर मूठ नुसती पुढे-मागे, अर्धा फेर इकडे, अर्धा तिकडे. दर खेपेला एक सुई उचलायची, मग एकेक करून परत खाली घ्यायची. अशी टाचेची खोळ तयार होते. पुढे पावलाचा भाग, वरून पट्ट्या आणि तळव्याला साधी वीण. चवडा टाचेसारखाच. शेवटी मोजा यंत्रावरून उतरवून बोटांकडचं तोंड हाताने, टाक्याला टाका जुळवून बंद करायचं, आतून कुठेही उंचवटा न ठेवता. तिला हेही सांग की तिची आई हे काम माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने करायची, आणि करताना सारखी कुरकुरायची.

हे तुला सगळं पाठ आहे. तरी मी पान भरून लिहिलं. हात चालू असले की डोकं गप्प बसतं, ही माझी जुनी युक्ती.

दुसरा कागद घेतला, म्हणजे आता मूळ गोष्टीवर यायलाच हवं. तू लिहितेस की सहा वर्षं फार झाली. एकोणीस तारखेच्या रविवारी येतेस, बाबांसमोर बसतेस आणि माफी मागतेस. "माझ्या बुटांमुळे त्यांचा पाय गेला, हे मी एकदा तरी त्यांच्या तोंडावर कबूल करायला हवं," असं तुझं वाक्य आहे. ते मी बऱ्याच वेळा वाचलं.

ताई, इतक्यात येऊ नकोस. मागच्या खोलीत ओल आली आहे, तिथला पलंग पुढच्या खोलीत आणलाय, वर चाळीस जोडांचा पसारा, पाय ठेवायला जागा नाही. बाबांची झोप नीट होत नाही. आणि माफी कसली मागायची? जे झालं ते झालं. त्यांना साखरेचा आजार होता, पावलांना काही जाणवत नव्हतं, नव्या बुटांत फिरायला गेले, जखम झाली, ती वेळेत कोणालाच दिसली नाही. ते आता विषयही काढत नाहीत. तू येऊन तो उकरून काढलास तर त्यांनाच त्रास होईल.

हिवाळा संपू दे. मग बघू. भाचीला पट्ट्यांचा एक जोड पाठवते, तिच्या पायाचं माप कागदावर आखून पाठव.

तुझी,
धाकटी



दि. १३ नोव्हेंबर, सोमवार

ताई,

तुझं उत्तर मिळालं. "तू आजवर मला कधीच येऊ नको म्हणाली नाहीस. बाबा अजून रागावलेत का? खरं सांग. मी तिकीट काढलंय." आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, "काय बोलायचं ते मी आरशासमोर पाठ केलंय."

ते शेवटचं वाक्य वाचलं आणि मी यंत्रावरून उठले. बाबा म्हणाले, "मध्येच का थांबलीस?" मी म्हटलं, लोकर संपली. गुंडा भरलेला त्यांच्या हातातच होता.

फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा काहीतरी भलतंच बोलून मोकळी होईन. म्हणून लिहिते. एका दमात लिहिते, वाचून बघणार नाही.

ताई, तुझ्या बुटांत काहीही वाईट नव्हतं.

त्या वर्षी मार्चमध्ये मी एका गिऱ्हाइकाचे सहा जोड करत होते. पाचव्या जोडाचा दुसरा मोजा. टाच झाली होती, पावलाची चाळिसावी फेरी चालू होती आणि लोकर तुटली. मूठ वेळेवर थांबली, टाके गळाले नाहीत. अशा वेळी काय करायचं हे बाबांनी आपल्याला अक्षरओळखीच्या आधी शिकवलंय. तळव्यात जोड नाही. टाचेपर्यंत उसवत मागे जायचं आणि बाजूला, पायाखाली येणार नाही अशा जागी, दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून विणून घ्यायची. तेवढा धीर नसेल तर मोजा टाकून द्यायचा आणि काठापासून नवा सुरू करायचा.

मला धीर नव्हता. चाळीस फेऱ्या एकेक टाका करत उसवायच्या जिवावर आल्या. घाई कसलीही नव्हती, हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तू माझ्यासाठी काहीतरी कारण शोधशील. मी मनातल्या मनात तो मोजा गिऱ्हाइकाच्या ढिगातून काढून घरच्या टोपलीत टाकला आणि गाठ मारली. पुढच्या फेऱ्या सुरळीत गेल्या.

घरची टोपली तुला आठवत असेलच. टाका सुटलेला, काठ सैल पडलेला, रंग चुकलेला, असा प्रत्येक मोजा तिच्यात. आपण कधी धड जोड घातलाय का गं? तू शाळेत एक मोजा गुडघ्यापर्यंत आणि एक घोट्यापर्यंत घालून जायचीस आणि कोणी हसलं तर म्हणायचीस, आमच्याकडे अशीच पद्धत आहे. आणि खरंच तशीच होती. गिऱ्हाइकाच्या मोज्यात मी केसाएवढा उंचवटा चालवून घेतला नसता. पण हा घरचाच तर मोजा.

त्याच्या दोनच महिने आधी डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं की यांच्या पायांना आता बोचलेलं कळत नाही, मोजे मऊ हवेत, आत शिवण नको, सुरकुती नको. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "मोज्यांची काळजी करू नका, मोजे आमच्या घरचेच असतात."

गाठ मारली त्याच आठवड्यात तू बूट आणलेस. तुझ्या दुकानातले, त्यांच्या पायाचं माप तीनदा घेऊन, चवड्याला रुंद, आतून मऊ. किती मिरवलेस तू ते! बाबांनी टोपलीतले वरचे दोन मोजे उचलले, बूट चढवले आणि रविवारी तळ्याला दोन चकरा मारून आले. पुढेही रोज गेले. दहाव्या दिवशी मोज्यावर डाग दिसला.

नुसत्या गाठीने एवढं होतं की नाही, ते डॉक्टरच जाणोत. मी त्यांना कधी विचारलं नाही, कारण विचारायचं म्हटलं तर सांगावं लागलं असतं. पण दवाखान्यातून त्यांच्या कपड्यांचं गाठोडं माझ्याकडे दिलं, तेव्हा मी मोजा उलटा केला. आपण वापरतो त्या लोकरीत नायलॉनचा धागा असतो, गाठ पडली की ती कडकच राहते. ती तळव्यात, करंगळीच्या मागे, वाटाण्याएवढी घट्ट झाली होती, आणि डाग बरोबर तिच्याभोवती होता. जखम कुठे होती ते तू पाहिलं आहेस.

म्हणजे दवाखान्याच्या व्हरांड्यात आले तेव्हा मला माहीत होतं. आता यापुढचं लिहायचं आहे, आणि गाठीपेक्षा हे वाईट आहे.

बाबा चाकांच्या खुर्चीत होते. शेजारचे मास्तर होते, त्यांची बायको होती, बाकावर दोन अनोळखी माणसं बसलेली. पाय काढावा लागेल असं सांगून डॉक्टर विचारून गेले होते, नवे बूट घातले होते का. तू दोन्ही बूट मांडीवर घेऊन बसली होतीस आणि आत हात घालून घालून चाचपत होतीस. म्हणत होतीस, "आत काहीच लागत नाही गं. कुठे काही लागतच नाही." मग माझा हात धरलास आणि उजव्या बुटात घातलास. म्हणालीस, "तू बघ. तुझ्या बोटांना कळतं."

माझ्या बोटांना कळलं. आत शिवण नव्हती, खिळा नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. आणि मी म्हणाले, "इथे जरा शिवण लागते."

तू लगेच विश्वास ठेवलास. पुन्हा हात घालून बघितलंही नाहीस. बाबा म्हणाले, "पोटच्या पोरीने आणलेल्या बुटांनी माझा पाय खाल्ला," आणि मास्तरांनी मान खाली घातली. तू बूट तिथेच बाकाखाली ठेवून निघून गेलीस. महिन्याभरात दुकानातली नोकरी सोडलीस. एवढी पाय ओळखणारी बाई, नुसत्या चालण्यावरून माप सांगणारी, आणि आता शाळेच्या कचेरीत कागद चिकटवते. भाचीने मागे लिहिलं होतं की तिचे बूट घ्यायला भावोजीच नेतात, आई दुकानाच्या बाहेर उभी राहते. ते वाचूनही मी गप्प राहिले. तिला मोजे पाठवले.

तो मोजा मी त्याच दिवशी कापून फेकून दिला. दाखवायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. तुला माझ्या शब्दावरच विसंबावं लागेल, आणि माझा शब्द कसला आहे ते तू आता वाचलंसच.

मला तेव्हा भीती कसली होती, हे सहा वर्षं स्वतःला विचारत आले. पोलिसांची नाही, बाबांच्या रागाचीही नाही. घरात तू देखणी, तू हुशार, तू बोलकी. माझ्याकडे फक्त बोटं होती. तीही गेली असती तर मी उरले असते कोण, असं काहीतरी असावं. ही सबब म्हणून देत नाही. तू विचारशील म्हणून लिहिलं.

बाबांना अजून काही माहीत नाही. हे पत्र आधी पेटीत टाकते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. मग घरी जाऊन त्यांना सांगते. तुझं पाठ केलेलं सगळं विसरून जा. तुला काहीही बोलायचं नाही.

धाकटी



दि. १६ नोव्हेंबर, गुरुवार

ताई,

पत्र तुला मिळालं असेल. तू काही कळवलेलं नाहीस, आणि कळवावंस असा माझा हक्कही नाही. पण रविवारच्या आत तुला हे कळायला हवं, म्हणून आज दुपारच्या टपालाने पाठवते, उद्या मिळेल.

सोमवारी पेटीत पत्र टाकून आले आणि उभ्या उभ्याच बाबांना सगळं सांगितलं. ते गुंडा भरत होते. सांगून होईपर्यंत हात थांबला नाही. मग त्यांनी विचारलं, "लोकर तुटली कुठे? टाचेच्या आधी की नंतर?"

मी म्हटलं, "नंतर. चाळिसाव्या फेरीला."

"मग उसवायला हवं होतं."

"हो."

बस, एवढंच. मला वाटलं होतं आरडाओरडा करतील, काठी फेकतील, निदान रडतील तरी. त्यांनी गुंडा खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मंगळवारीही तसेच. जेवायला उठले, पण गुंड्यांना हात लावला नाही. मी यंत्र चालवत राहिले, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. दुपारी एक टाका सुटला, मला दिसला, आणि खिडकीतून आवाज आला नाही.

काल सकाळी मात्र त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, "बस इथे. मूठ सोड."

बसले. मग म्हणाले, "गाठ मला माहीत होती."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. तर म्हणाले, "मोजा घालताना हाताला लागली. चाळीस वर्षं मोज्यांत हात घालतोय मी. मला नाही लागणार? लागली. मनात म्हटलं, पोरीने आळस केला. मग म्हटलं, पायाला कुठे काही कळतंय. चांगला मोजा कशाला वाया घालवायचा. हाच वापरून संपवू. घरचाच तर मोजा."

ताई, हे शब्द मी त्यांना सांगितले नव्हते. मी फक्त गाठ मारली म्हणून सांगितलं होतं. हे शब्द त्यांचे स्वतःचे होते.

मी विचारलं, "मग ताईला का बोललात तसं?"

"डॉक्टर म्हणाले बूट. मी बूट धरला."

"पण तुम्हाला ठाऊक होतं!"

"ठाऊक होतं म्हणूनच." मग म्हणाले, "जन्मभर लोकांना सांगत आलो, आमच्या मोज्याने कधी कोणाला फोड आलेला नाही. आणि माझाच पाय माझ्याच घरच्या मोज्याने जातोय, तोही मी जाणूनबुजून घातलेल्या. हे मास्तरांसमोर कोणत्या तोंडाने सांगणार होतो? पोरगी समोर बसली होती बूट घेऊन. तिच्यावर ढकललं. वाटलं, आज बोललोय, उद्या मिटवू. पण ती निघूनच गेली. आणि मग जितके दिवस गेले तितकं अवघड होत गेलं."

मी म्हटलं, "आणि मी शिवण लागते म्हणाले तेव्हा?"

"तेव्हा कळलं की तुलाही ठाऊक आहे. म्हणून तुझ्याकडे बघितलं नाही."

म्हणजे त्या दिवशी त्या व्हरांड्यात आम्हा दोघांनाही खरं माहीत होतं. एकमेकांना न विचारता, एकमेकांकडे न बघता, आम्ही ते तुझ्या मांडीवर ठेवलं. सहा वर्षं एका खोलीत, ते खिडकीशी आणि मी यंत्राशी, एकमेकांची चूक झाकत बसलो, आणि दोघांनाही वाटत राहिलं की आपण किती सोसतोय. सोसलंस ते तू. मला त्यांचा राग आला, ताई. सोमवारपासून मी स्वतःला बोल लावत होते, काल पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं. मग दोघंही रडलो, आणि तेही आम्हाला नीट जमलं नाही.

मी म्हटलं, रविवारी ताई येतेय, तेव्हा सांगा तिला. तर म्हणाले, "तिने यायचं? तिने?" आणि कपाटावरचा खोका काढायला लावला. त्यात त्यांचा नवा पाय आहे. पाच वर्षांपूर्वी माप देऊन करून आणला, दोनदा लावला आणि तिथे ठेवून दिला. बोचतो म्हणाले होते. आता मला वाटतं, घराबाहेर पडायचं नव्हतं म्हणून बोचत असावा.

त्याच्या आत घालायला गुडघ्याखाली उरलेल्या भागाचा मोजा लागतो. दुपारी बसून मी तो केला. टाच नाही, नुसता काठापासून खाली अरुंद होत गेलेला, घसरू नये म्हणून पूर्ण पट्टीचा. एकदा टाका सुटला, तर अख्खा मोजा उतरवून पहिल्यापासून घेतला. बाबांनी तो उलटा करून उजेडाकडे धरला, आत हात घालून बोट अन् बोट फिरवलं. चांगला झालाय असं काही म्हणाले नाहीत. घातला. मग खिडकीपासून दारापर्यंत चालले, तिथून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत. आज सकाळी खालच्या गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. मास्तर दारात उभे होते. बाबा थांबले आणि त्यांना म्हणाले, "बुटांत काही नव्हतं, मास्तर. मोजा माझा होता." मास्तरांना चटकन कळलं नाही. बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मी त्यांना म्हटलं, ताईला दोन ओळी लिहा, मी खाली चिकटवते. पेन हातात घेतलं, तारीख लिहिली, आणि परत दिलं. म्हणाले, "लिहून नाही. तोंडाने."

तेव्हा तुझं तिकीट रद्द कर. रविवारी तू येऊ नकोस. शनिवारी आम्हीच येतो, दुपारच्या गाडीने. स्टेशनवर घ्यायला येऊ नका, भावोजींनाही सांग. बाबांना हळूहळू चालत यायचं आहे आणि मी त्यांच्याबरोबर आहे.

यावर काही कळवू नकोस. नको येऊ असं लिहिलंस तर मी ते वाचून घरी बसेन आणि वर म्हणेन की ताईचीच इच्छा नव्हती. मी अशी आहे, हे तुला आता ठाऊक आहे.

दार उघडलंस तर आत येऊन बोलू. नाही उघडलंस तर बाहेर उभं राहून बोलू, मोठ्याने, तुझ्या शेजारच्यांना ऐकू जाईल असं. चारचौघांत तुला बोललो होतो, चारचौघांतच मागे घेतो.

तुझे दोन गुन्हेगार,
बाबा आणि मी